पंखाच्या हाडाची नळी: जंगली टर्कीला साद घालायला शिकताना

अमेरिकेत वसंतातल्या टर्कीच्या शिकारीला निघणाऱ्या माणसाच्या खिशात हल्ली तीन-चार तऱ्हेची साधनं असतात. टाळूला चिकटवून वाजवायचा रबरी डायफ्राम असतो, काडीने घासायची पाटी असते, झाकण सरकवून वाजवायची लाकडी पेटी असते. पेटी तर एखादं पोरही पाच-दहा मिनिटांत बऱ्यापैकी वाजवू लागतं. मग टर्कीच्याच पंखाची हाडं एकात एक बसवून केलेली विंगबोन नावाची नळी शिकण्यात महिने घालवायचे कशाला?

माझं मत असं की या नळीतून थोडेच आवाज निघतात, आणि टर्कीला बोलवायला थोडेच आवाज लागतात. नवशिक्याच्या हातून पक्षी निसटतो तो बहुतेकदा नको तितकी बडबड केल्याने. विंगबोन ती करूच देत नाही. शिवाय सरकारी जंगलांत जिथे दर शनिवारी दहा जण तोच तो डायफ्राम वाजवत फिरतात, तिथे हाडाचा किंचित पोकळ, लांबवर जाणारा सूर वेगळा ऐकू येतो.

साधन जुनं आहे. टेनेसी राज्यातल्या ईव्हा या उत्खननस्थळी टर्कीच्या हाडांच्या अशा नळ्या सापडल्या आहेत, त्या हजारो वर्षांपूर्वीच्या. पुढे गोऱ्या शिकाऱ्यांनीही ती उचलली. दक्षिणेतला नामांकित शिकारी चार्ल्स जॉर्डन याची पद्धत टबॅस्को सॉसवाल्या घराण्यातल्या एडवर्ड मॅकिलहेनी यांनी १९१४ मध्ये छापून लोकांपुढे आणली. आजही हाताने नळ्या घडवणारे कारागीर ‘जॉर्डन येल्पर’ (येल्प म्हणजे टर्कीच्या मादीची हाक) हे नाव घेतात.

आधी कायद्याचं

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, परवाना काढून शिकार करणाऱ्या वाचकांसाठी आहे. महाराष्ट्रात फासेपारधी तित्तर-लाव्यांचा आवाज हुबेहूब काढून पक्षी फाशापर्यंत आणत असत. ती कला अस्सल होती, पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर तिचा तसा वापर हा गुन्हा आहे. या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणं येतं आणि नुसता प्रयत्नही येतो. तेव्हा सुट्टीत गावी जाऊन कुणावर नळीचा प्रयोग करायचा नाही.

अमेरिकेत टर्कीचे नियम प्रत्येक राज्य ठरवतं. राज्याचा शिकार परवाना, बहुतेक ठिकाणी टर्कीचा वेगळा टॅग, आणि पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला सुरक्षिततेचा अभ्यासक्रम, एवढं जवळपास सगळीकडे लागतं. वसंत हंगामात साधारणपणे ‘बिअर्ड’ असलेलाच पक्षी मारता येतो. बिअर्ड म्हणजे छातीवरून लोंबणारा, केसांसारख्या राठ पिसांचा झुपका. न्यूयॉर्कमध्ये वसंत हंगाम मे महिन्यात असतो आणि बंदूक दुपारी बारालाच खाली ठेवावी लागते. काही राज्यांत दिवसभर मुभा असते. राज्याच्या वन्यजीव विभागाचं त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय निघू नये.

आपल्यापैकी बरेच जण एच-१बी सारख्या व्हिसावर असतात, त्यांनी हे नीट वाचावं. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक जवळ बाळगणं हा अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने गुन्हा आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद मिळतो. म्हणजे परवाना आधी, बंदुकीला हात नंतर. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. थोडीही शंका असली तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, बंदुकीच्या दुकानदाराला नाही.

परवान्याचे पैसे कुठे जातात तेही माहीत असावं. १९३० च्या दशकापर्यंत जंगली टर्की देशाच्या बहुतेक भागांतून नाहीशी झाली होती. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. पुढे उरलेल्या कळपांतले पक्षी मोठी जाळी उडवून पकडले गेले आणि रिकाम्या जंगलांत सोडले गेले. आज हे पक्षी लाखोंच्या संख्येने आहेत.

हाडं: विकत की घरची?

पहिली नळी विकतच घ्या. घरी केलेली नळी वाजली नाही तर दोष ओठांचा की हाडाचा, हे नवशिक्याला कळत नाही. चांगल्या कारागिराची एक नळी हाताशी असली की निदान एक बाजू पक्की होते. तयार नळी घेताना मादीच्या हाडांची मागा. मादीची हाडं बारीक असतात, सूर वर चढतो आणि ओठांना कमी कष्ट पडतात. नराच्या जाड हाडांचा आवाज खाली उतरतो. तो नंतर शिकण्यासाठी ठेवा.

घरी करायची हौस असेल तर कायदेशीर मारलेल्या टर्कीचा अख्खा पंख खांद्याच्या सांध्यापासून काढून ठेवा. त्यात कामाची हाडं तीन. दंडाचं एकटं, जाड हाड म्हणजे ह्यूमरस. पुढच्या भागात दोन हाडं शेजारी-शेजारी असतात: जाड ती अल्ना आणि बारीक ती रेडियस. अल्ना ओळखायची खूण म्हणजे तिच्या कडेने ओळीने असलेले लहान उंचवटे. उडायची मोठी पिसं तिथेच रुजलेली असतात. रेडियस तोंडात धरायची, तिचं दुसरं टोक अल्नात आणि अल्नाचं टोक ह्यूमरसमध्ये बसतं, आणि ह्यूमरसचं मोकळं टोक कर्ण्याचं काम करतं. काही जण ह्यूमरस वगळून दोनच हाडांची नळी करतात. तीही वाजते, आवाज जरा पातळ येतो.

हाडं भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकलेल्या पाण्यात मंद आचेवर ठेवा, मांस सुटेपर्यंतच. खळखळ उकळलेलं हाड ठिसूळ होतं. मग बारीक दातांच्या करवतीने दोन्ही टोकांच्या गाठी कापा. एका वेळी थोडंच कापायचं, कारण जास्त कापलेलं परत जोडता येत नाही. कापताना आणि घासताना तोंडाला मास्क हवाच, हाडाची भुकटी फुप्फुसात जाऊ देऊ नये. आतली मज्जा पाइप क्लीनरने किंवा पातळ तारेने काढा. ह्यूमरसच्या आत टोकांजवळ हाडाच्याच बारीक आडव्या काड्या असतात, त्या गोल कानशीने साफ करा. त्यानंतर कोमट साबणपाण्यात काही दिवस ठेवून, पाणी बदलत, चरबी उतरवा. पांढरेपणासाठी औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. कपड्यांचं ब्लीच वापरलं तर हाडच खाल्लं जातं.

सावलीत पूर्ण वाळल्यावर हाडं एकमेकांत पाव ते अर्धा इंच जातील अशी घासून बसवा. गोंद मात्र लगेच लावू नका. सांध्यांवर चिकटपट्टी गुंडाळून आधी वाजवून पाहा. नळी लांब असेल तर सूर खाली, आखूड केली की वर. सूर पसंत पडला की मगच दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद, आणि फट राहिली असेल तर त्यात इपॉक्सीत बुडवलेला दोरा. वाळल्यावर कर्ण्याचं टोक तळव्याने घट्ट बंद करून दुसरीकडून ओढून पाहा. हवा कुठूनही आत येता कामा नये. सुईच्या टोकाएवढं भोकही आवाज मारतं.

शेवटी तोंडाकडची कड बारीक सँडपेपरने अगदी गुळगुळीत करा, आणि टोकापासून साधारण अर्ध्या इंचावर दोऱ्याचं जाड वेटोळं किंवा रबराची रिंग बसवा. हा ओठांचा थांबा. तो असला की नळी रोज तेवढीच तोंडात जाते, आणि सूर रोज तोच येण्याची निम्मी सोय तिथे होते.

आधी कान

नळी तोंडाला लावण्याआधी निदान आठवडाभर नुसतं ऐका. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेच्या मॅकॉले संग्रहात जंगली टर्कीची खरी ध्वनिमुद्रणं फुकट ऐकायला मिळतात. शिकाऱ्यांचे स्पर्धेतले आवाज आत्ता नकोत. ते कौशल्याचे असतात, पण खरी मादी रोज इतकी सुबक ओरडत नाही.

ऐकताना तीन आवाज वेगळे काढा. पहिला येल्प, मादीची साधी हाक. तिच्यात एकसारख्या लयीत साधारण तीन ते सात-आठ स्वर असतात. प्रत्येक स्वराचे दोन तुकडे पडतात: सुरुवात उंच आणि स्वच्छ, मग तो मोडून खाली खरखरीत उतरतो, ‘की-यॉक’ असा. दुसरा क्लक, एकच तुटक, मऊ ठोका, ‘मी इथे आहे’ एवढंच सांगणारा. तिसरा पट. तो क्लकसारखाच पण धारदार आणि घाईचा, धोक्याचा इशारा. क्लक काढायला जाऊन पट निघाला तर समोरचा पक्षी सरळ निघून जाईल. म्हणून हा फरक ओठांच्या आधी कानात बसला पाहिजे.

ओठ, हवा, हात

विंगबोनमध्ये फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. बासरी किंवा शिट्टीची सवय असलेल्यांचा गोंधळ इथेच होतो. नळीत कुठलीही पत्ती नाही. थरथरतात ते तुमचे ओठ, नळी फक्त ती थरथर घुमवते.

सुरुवात नळीशिवाय करा. ओठ हलके मिटा आणि लहान मुलाचा लांबूनच पापा घेताना होतो तसा आवाज काढा, ओठांच्या मधोमध, बारीक आणि चिरका. हवा छातीने ओढायची नाही. गाल आणि जीभ तोंडात जेवढी पोकळी करतात तेवढीच. दोन-चार मिनिटांत चक्कर आल्यासारखं झालं तर समजा की फुप्फुसांनी ओढताय. थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या, मग पुन्हा.

आता नळीचं टोक थांब्यापर्यंत ओठांत धरा. मधोमध की थोडं कडेला, हे प्रत्येकाच्या ओठांच्या ठेवणीवर असतं. जिथे हवा सुटत नाही ती तुमची जागा. एकदा ठरली की ती बदलू नका. दात किंचित उघडे, जीभ खाली पडलेली, टोकाला न लागणारी. ओठ नळीभोवती घट्ट, पण टोकासमोर फक्त जेमतेम मिटलेले. मग तोच पापा. आधी नुसती फसफस येईल. ओठ जरा आवळा. अचानक एक उंच चिवचिव निघेल, आणि तुम्ही दचकाल. येल्पचा पहिला अर्धा तुकडा तोच.

या चिवचिवाटावरच काही दिवस राहा, ती दर वेळी हमखास निघेपर्यंत. लोक इथे घाई करतात. पहिला तुकडा अजून डळमळत असताना दुसऱ्याच्या मागे लागतात, आणि मग त्यांचा येल्प आयुष्यभर खरखरीतच राहतो.

पुढची पायरी म्हणजे स्वर मोडणं. उंच स्वर चालू असताना ओढ न थांबवता खालचा जबडा किंचित सोडा. ओठांचा ताण सैल पडतो, स्वर घसरतो आणि घसरताना खरखरतो. जबड्याची हालचाल तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. जास्त सोडला तर हवा सुटून आवाजच तुटेल, कमी सोडला तर नुसती शिट्टी राहील. आरशासमोर बसलात तर जबडा किती हलतोय ते दिसतं.

एक ‘की-यॉक’ जमला की तीन जोडा. मध्ये दमा लागल्यासारखी घाई नको. शेवटचा स्वर पहिल्याइतकाच भरीव असू दे. पाच-सहा स्वरांपर्यंत पोचलात की पुढे लांबवण्यात अर्थ नाही; लय सांभाळा. एखादा स्वर थोडा चुकला तर पक्षी फारसा हरकत घेत नाही, खऱ्या माद्याही बेसूर असतात. लय चुकली की मात्र त्याला लगेच खटकतं.

क्लकसाठी ओढ एकदम तोडायची. ओठ आवळून एक छोटा झटका, आणि तिथेच बंद. एक क्लक, दहा-पंधरा सेकंद शांतता, मग वाटलं तर दुसरा. दोन-तीन लागोपाठ धारदार झाले तर ते पट होतात. की-की ही पिल्लांची हाक. तिच्यात स्वर मोडायचा नाही, उंच शिट्टीचे तीन तुकडे फक्त. शरद हंगामात विखुरलेला कळप एकत्र बोलवायला ती कामाची, आणि हाडाची नळी ती सुरेख काढते. टर्कीची समाधानाची घुरघुर, जिला पर म्हणतात, ती मात्र या नळीत जवळपास जमत नाही. तिच्यासाठी पाटी ठेवा आणि नळीवर वेळ घालवू नका.

हातांचा वाटा लोक विसरतात. कर्ण्याचं टोक डाव्या मुठीच्या पोकळीत धरा, वरून उजवा पंजा. दोन्ही पंजे मिटले की आवाज दबका आणि जवळचा, उघडले की मोठा आणि लांबचा. स्वर मोडतो त्याच क्षणी पंजा किंचित उघडलात तर ‘यॉक’ खुलून येतो. डोकं वळवून पंजा दुसऱ्या दिशेला उघडला की मादी तिकडे फिरतेय असा भास होतो.

आवाज येईनासा झाला तर बहुधा तीनपैकी एक कारण असतं. नळीत थुंकी साचली असेल, तर झटकून पाइप क्लीनर फिरवा. ओठ कोरडे पडले असतील, तर घोटभर पाणी प्या. तेलकट लिप बाम लावू नका, ओठ घसरतात. नाहीतर ओठ थकले असतील. हे स्नायू रोज वापरात नसतात, त्यामुळे दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं सराव तासभर चिकाटीपेक्षा बरा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर कर्ण्यावर टॉवेल गुंडाळा किंवा गाडीत बसून वाजवा. घरच्यांचा संयम मर्यादित असतो, शेजाऱ्यांचा त्याहून.

आणखी एक सवय फार कामी येते. फोन रेकॉर्डिंगवर ठेवा आणि ३०-४० पावलं दूर जाऊन वाजवा. स्वतःच्या कवटीत घुमणारा आवाज आणि पक्ष्याला पोचणारा आवाज यांत बराच फरक असतो. जवळून कर्कश वाटलेला येल्प लांबून छान भरतो, आणि जवळून गोड वाटलेला कधी कधी पोचतच नाही.

जंगलात

वसंतात नर, म्हणजे गॉबलर, झाडावर रात्र काढतो आणि पहाटे तिथूनच गरजतो. निसर्गाच्या रीतीने मादी त्याच्याकडे जाते. तुम्ही त्याला उलट यायला सांगताय, आणि म्हणूनच तो पन्नास-साठ यार्डांवर अडून उभा राहतो, मादी दिसायची वाट बघत. अशा वेळी जास्त वाजवलं की त्याला वाटतं, ही येतेच आहे. गप्प बसलात तर त्याला शोधायला यावं लागतं. नळी शिकण्याचा अर्धा भाग ती मांडीवर ठेवून देणं हा आहे.

उजाडण्याआधी जाऊन, तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकवून बसा. गॉबलर झाडावर असेपर्यंत मिटल्या पंज्यांतून दोन-तीन अगदी दबके येल्प पुरेत. तो खाली उतरल्याचा पंखांचा आवाज आला की साधा, पूर्ण येल्प एकदा. त्याने उत्तर दिलं तर त्याला तुमची जागा समजली. टर्की ती विसरत नाही. मग पंधरा-वीस मिनिटांत एखादा क्लक. तो उत्तर न देता येत असेल तर कान जमिनीलगतच्या खोल घुमण्याकडे ठेवा, ते त्याचं ड्रमिंग. ते ऐकू आलं म्हणजे तो जवळ आहे.

इथे विंगबोनचा एक मोठा तोटा उघडा पडतो: तिला दोन हात लागतात. टर्कीची नजर हालचाल फार लांबून टिपते. म्हणून बंदूक आधीच गुडघ्यावर, त्याच्या दिशेने. नळी गळ्यातल्या दोरीला बांधलेली, की सोडली की छातीवर पडेल. तो नजरेच्या टप्प्यात यायच्या आतच शेवटचा आवाज काढून हात बंदुकीवर. शेवटच्या क्षणी त्याला थोपवण्यासाठी आवाज लागलाच तर तोंडातला डायफ्राम बरा. त्यात कमीपणा काही नाही. छर्रे डोक्या-मानेवर, आणि अंतर साधारण ४० यार्डांच्या आत. आपली बंदूक त्या अंतरावर कशी पसरते हे कागदावर आधी तपासलेलं असू दे.

सगळ्यात महत्त्वाचं सुरक्षिततेचं. तुम्ही टर्कीचा आवाज काढताय, आणि जंगलात दुसरेही बंदूकवाले टर्कीच शोधताहेत. लाल, पांढरं, निळं अंगावर नको, गॉबलरच्या डोक्याचे रंग तेच. आतला बनियन किंवा मोजेही याला अपवाद नाहीत. ऐकू आलेल्या टर्कीच्या आवाजावर दबकत चालून जाऊ नका, तो दुसरा शिकारी असू शकतो. एखादा माणूस तुमच्याकडे येताना दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज तर मुळीच नको. बसल्या जागी, मोठ्या स्पष्ट आवाजात बोला. मारलेला पक्षी नेताना तो भडक नारिंगी कापडात किंवा पिशवीत गुंडाळून न्या.

परत आल्यावर नळी पुसून, उभी टांगून वाळवा. ओली नळी डबीत बंद केली तर आत बुरशी धरते. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, इपॉक्सी सैल पडतं आणि हाडाला बारीक चिरा जातात. हंगामाबाहेरही आठवड्यातून एकदोनदा वाजवत राहा, कारण ओठांची पकड महिनाभरात विसरते. आणि पक्षी मिळालाच, तर पंख खाटकाच्या पद्धतीने सांध्याच्या मधोमध तोडू नका. दोन्ही पंख अख्खे काढून, वर तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा; नराची हाडं असतील, म्हणजे खालच्या सुराची दुसरी नळी त्यातून होईल.